रफार

तांबट आळीत आमच्याकडे लोक येतात
भांड्यांवर नावं घालायला.
कोणाकडून, कोणास, तारीख. एवढंच.
अक्षराला आठ आणे होते तेव्हापासून मी हे करते.
माणसं जातात, हंडा मोडीत येतो,
तरी पोचे काढताना बोटाला लागतं
कुणा इंदूचं नाव.

मार्गशीर्षात नौदलाचे एक साहेब आले, पोन्नप्पा म्हणून,
पांढरे बूट आमच्या कोळशात जपत.
गुंडाळीत ट्रेसिंग पेपर, पितळेची अक्षरं हवीत,
एकेक हातभर.
मी विचारलं, नाव काय?
ते म्हणाले, नाव छोटी है, पचास मीटर.
त्यांच्या हिंदीत नाव म्हणजे होडी,
माझ्या मराठीत दोन्ही.
पुढची दहा मिनिटं आम्ही
वेगवेगळ्या नावांबद्दल बोललो
आणि तरी हिशेब जुळला.

ठेवतं कोण, म्हटलं.
दिल्लीत समिती असते म्हणे.
एका जातीच्या जहाजांना डोंगर,
एकीला शस्त्रं, एकीला शहरं,
छोट्यांना नद्या.
मोठ्या नद्या केव्हाच संपल्या.
आणि जुनं जहाज मोडीत काढलं की
त्याचं नाव रिकामं होतं,
काही वर्षं फायलीत पडून राहतं,
मग दुसऱ्याला मिळतं.
कळलं, म्हटलं.
गेलेल्या आत्याचं नाव भाचीला,
पोचे काढून.

कागद उलगडला.
क. मग हा. हा-च्या डोक्यावर रफार.
कर्हा.

साहेब, ही नदी मला माहीत आहे.
दिवे घाट चढून गेलं की सासवडला माझी मावशी.
चैत्रात हिच्यातून चपला न काढता पलीकडे जाता येतं.
डबक्यात म्हशी असतात,
पाणी असतंच असं नाही.
पण हिला असं लिहीत नाहीत.
हिचा र डोक्यावर चढून बसत नाही,
ह-च्या खांद्याला बिलगून असतो, पापणीएवढा.
रफार दिला की आधीचा क आपटतो,
बोलणाऱ्याला ठेच लागते.
आमची नदी अडखळत नाही हो.
आटते.

त्यांनी ते सगळं वहीत लिहून घेतलं,
‘पापणी’सुद्धा.
दिल्लीचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं:
मंजूर नावात बदल करता येणार नाही.

मग मी कापला रफार.
चांगला कापला, उगाच खोटं कशाला बोलू.
पत्रा तापवला, मठारायला बसले,
हातोडीचे ठोके एकाशेजारी एक,
बारशाला पाठीवर थापट्या बसतात तसे.
साहेब सांगून गेले होते,
गोदीत कुणा मोठ्या अधिकाऱ्याची बायको नारळ फोडेल,
तीच नाव उच्चारेल.
ती बाई बिचारी कागदावरचं वाचणार.
कानात कोण सांगणार?
आळीत एवढा ठणठणाट,
मी तोंड हा-जवळ नेऊन म्हटलं, कुर्रर्र,
आणि खरं नाव सांगितलं.
शेजारचा गणपत कर्डे बघत होता. बघू दे.

मागच्या बाजूला, जी पोलादाला टेकणार,
तिथे बारीक घातलं, हंड्यावर घालते तसं:
कऱ्हा.
तांबट आळीकडून, समुद्रास.
तारीख.
त्याचे पैसे लावले नाहीत.

नाव पाण्यात गेली म्हणून फोन आला.
खारं पाणी पितळेमागे शिरतंच, असं साहेब म्हणाले होते,
दोन वर्षांनी अक्षरं उतरवून घासावी लागतात.
म्हणजे कुणीतरी वाचेल.

चैत्रात मावशीकडे गेले.
पात्रात उतरले, मधोमध उभी राहिले,
सांगावं म्हटलं हिला,
तुझ्या नावाची नाव आहे आता, तोफ आहे तिच्यावर.
पायाखाली गोटे तापलेले.
कुणाला सांगणार? डबक्यातली म्हैस
तेवढी मान वळवून बघत होती.