हातउसनं

क्लाक्सविकची खाडी. सहाजणी माझ्याकडे तोंड करून बसल्यात.
पुढचं त्यांना दिसत नाही, फक्त मागे पडलेलं पाणी.
पुढचं बघायला मी: हानुस, सुकाणूवाला,
वय एकसष्ट, शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त,
बोटीतलं एकमेव बिनकामाचं वजन.

शिट्टी.
पहिली दहा वल्ही उधारीवर नसतात.
स्नायूच्या खिशात खुळखुळणारी चिल्लर
भसाभस उधळायची.
एटीपी म्हणतात तिला. मी मुलांना सांगायचो,
अख्ख्या अंगात मिळून मूठभर असते बघा,
तीच मोडायची, तीच सांधायची, दिवसभर.
मुलं खिडकीबाहेरच्या मेंढ्या बघायची.

खिसा रिकामा.
रान्वाचा जबडा आवळला, मला कळलं:
आता साखर.
काल रात्रीचे उकडलेले बटाटे,
तिसऱ्यांदा वाढून घेतलेला रुबार्बचा मुरंबा,
मांडीत साठलेलं सगळं
श्वास पोचायच्या आधीच तुटू लागतं.
घाईचं काम, अर्धंकच्चं,
पण वल्हं कुणासाठी थांबत नाही.

मिनिट. दीड.
मांड्यांत निखारे. जळतंय असं ती म्हणत नाही,
तिच्या नाकपुड्या म्हणतात.
तीस वर्षं मी फळ्यावर लिहिलं: लॅक्टिक आम्ल, थकव्याचं विष.
चुकीचं लिहिलं.
रक्तातून ते हृदयाकडे जातं
आणि हृदय ते खातं, आवडीनं,
पातेल्याच्या बुडाची खरवड खावी तसं.
किती वर्गांची माफी मागू?

मग श्वास लागतो. धाप नव्हे,
सूर लागतो तसा.
सहा छात्या एकदम उघडतात
आणि पेशीपेशीतल्या बारक्या चुली धरतात,
ज्या बापाकडून कुणालाच मिळत नाहीत.
आईच्याच असतात. आईच्या आईच्या.
धक्क्यावर चाकांच्या खुर्चीत ब्यार्ता बसलीय,
रान्वाची आई,
एकेकाळी याच तिसऱ्या बाकावर. हल्ली तिला
चमचा उचलतानाही दम लागतो.
तिची चूल इथे धडधडतेय
आणि तिचे हात शालीखाली
वल्ह्यांच्या तालावर उघडतात, मिटतात.

शेवटचे शंभर मीटर. मी आकडे ओरडतो,
न मोजलेले.
इथून पुढे काय जळतं, मला ठाऊक नाही.

रेषेपलीकडे सहाजणी वल्ह्यांवर ओणव्या.
शर्यत संपली, धाप नाही;
हातउसनं फेडणं चाललंय, घोटाघोटानं, हवेचं.
कितवे आलो, अजून कुणी विचारलं नाही.
मी थर्मास उघडतो. गोड चहा.
इतका वेळ समुद्र ओढणारा रान्वाचा हात
कप धरताना थरथरतो.