झाकणाविना दोन करंडे

भवानी पेठेत, लाकूडबाजाराच्या मागच्या बोळात,
दस्तगीरचाचांनी माझा कागद आधी उलटा धरला, मग सुलटा.
"दोन करंडे," ते म्हणाले. "झाकण नको?"
नको. झाकण म्हणजे माझं डोकं.
त्यांनी डोक्याकडे पाहिलं,
मापात बसतंय का, अशा नजरेनं.

शिसम जड, मान मोडेल.
साग चालेल, पण साग काय, सगळ्यांचाच.
मग फळीखालून शिवणीचा तुकडा निघाला,
कुणाच्या तरी पाळण्याच्या खांबातून उरलेला.
बोटाच्या पेरानं टकटक करत त्यांनी तो
आधी स्वतःच्या कानाशी नेला,
मग माझ्या.
डाव्या.
मी मान हलवली, ऐकू आल्यासारखी.

एकवीस वर्षं भोसरीत, पॉवर प्रेसवर.
पत्रा, ठोका. पत्रा, ठोका.
यंत्र डाव्या अंगाला.
कानात कापूस घालून येणाऱ्या गोरखला
आम्ही नवरी म्हणायचो.
आता डॉक्टरांच्या आलेखावर
उजव्या कानाची रेघ पठारावरून चालत जाते, रमतगमत.
डाव्याची, चार हजारापाशी,
कात्रजच्या उताराला लागते
ब्रेक गेलेल्या टेम्पोसारखी.
झांज गेली. स गेला, श गेला.
मिक्सर तेवढा राहिला.

तापकीर गल्लीत लालवाणी म्हणाले,
"सहाशेला नवा मिळतो, साहेब, हा कशाला उघडता?"
मी त्यातली स्टीलची कमान ठेवली.
पिवळं पडलेलं प्लॅस्टिक त्यांच्याच डब्यात टाकलं.

शकू लांडगे मिक्सरच्या मोटारी गुंडाळते.
भिंगाखाली, केसाहून बारीक तार,
वेढे मोजताना पंखासुद्धा बंद.
"उजवीला साठ," मी म्हटलं, "डावीला पन्नास."
"एका जोडीत एवढा भेद?"
माझ्यात आहे तेवढाच, बाई.

मग आठवडाभर राळेचा धूर, जळलेलं बोट,
पडद्यावर बसलेला एक मच्छर
जो काढताना पडदाच गेला,
आणि पुन्हा भोसरी, पुन्हा शकू, पुन्हा पंखा बंद.
उजव्या कपात नमद्याचा दुहेरी थर.
डावा उघडा, नुसतं लाकूड.
मागे दीड मिलिमीटरचं भोक पाडलं
तर सगळं ढोलपथकच घरात शिरलं.
आगकाडीचं टोक मोडून अर्धं बुजवलं.

लावली ती जुनी कॅसेट,
सदाशिवात कुणाच्या दिवाणखान्यात झालेल्या बैठकीची.
तंबोरे लागतायत. कुणीतरी खोकतंय.
शंभरदा ऐकलेलं.
आणि मग बशीवर कप टेकला.
डावीकडे.
मी मान वळवून पाहिलं.
खिडकी होती. दोरीवर टॉवेल होता.

रात्री उज्ज्वलाला म्हटलं, घालून बघ.
तिनं घातला आणि लगेच तोंड वाकडं केलं.
"डावीकडे कुणीतरी किंचाळतंय."
उलटा करून घातला. मग उजवीकडे किंचाळायला लागलं.
मी सांगणार होतो
वेढ्यांचं, नमद्याचं, आलेखाचं,
पण तिनं हातानंच थांबवलं.
पुन्हा सुलटा करून
ती बराच वेळ बसून राहिली, भुवया जुळवून.
गाणं ऐकत नव्हती.
दोन बाजूंमधलं अंतर ऐकत होती.
"एवढं?" ती म्हणाली.
मग कमान उतरवली,
आणि शिवणीच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिली
जिथे चाचांचा पटाशा जरा घसरला होता.

दुसऱ्या दिवशी मी पेपर वाचत होतो.
डाव्या बाजूला साडीची हालचाल झाली,
थांबली.
मग ती टेबलाला वळसा घालून
स्टूल, सिलेंडर, दळणाचा डबा ओलांडत
उजवीकडे येऊन उभी राहिली, चमचा पुढे धरून.
"मीठ बघ."

बघितलं.
थोडं कमी होतं.