नऊ किलो

एसी काढला तेव्हा आम्ही काजूची फेणी फोडली होती,
तेवीस किलो उतरले म्हणून.
मागची सीट, गालिचे, दारांची अस्तरं
वेर्ण्याच्या शेडमागे अजून पडून आहेत.

आता त्याच गाडीत
मी बर्फाची पेटी बसवतोय.

पेटी कुटबणच्या जेटीवरची, कायतानने दिलेली.
तीनदा व्हिनेगरने धुतली, तरी बांगड्याचा वास.
पंप होडीतला.
चार बोल्ट, खाली रबर, वरून पट्टा :
धडक बसली तर पेटी
तिच्या मानेवर येता कामा नये.

प्रीतल बोलत नाही.
मागच्या खेपेला अकराव्या फेरीनंतर
खिडकीतून ओढून काढली तिला.
हातमोजे पिळले, तर धार लागली.
"वजन वाढेल," एवढंच म्हणते.

शर्ट आधी मीच घालून पाहिला.
छातीपाठीवर शिवलेल्या बारीक नळ्या. स्विच दाबला.
मे महिन्याची दुपार, वर तापलेला पत्रा,
आणि कण्यावरून कुणीतरी
जेटीवरची पहाट ओतत गेलं.

मग एक सांधा ठिबकला, उजव्या बरगडीशी.
क्लिप आवळली.
परत ठिबकला.

"नऊ किलो दोनशे," प्रीतल काट्यावरून म्हणाली,
आणि झाकण उघडून
कोपरापर्यंत हात बर्फात घालून उभी राहिली.
काढायचं नाव नाही.