सात

टुकटुक धुऊन ठेवली.
पाहुण्यांना सांगतो तेच आईला सांगितलं:
पहाटे साडेचारला निघू,
तळ्याकाठी सूर्योदय, मग दक्षिण दरवाजा,
उन्हं चढायच्या आत घरी.

पेजेत सुकी मासळी कुस्करत ती म्हणाली,
सूर्य आपल्या परसातही उगवतो, नारेथ.
कोंबड्यांना दाणे टाकून निघू.

अकरा वर्षं परक्यांना नेतोय मी तिथं.
ती एकदाही आली नाही,
आणि आपल्याला तर तिकीटही पडत नाही.

बापुओनच्या पायऱ्या उभ्या आहेत, म्हटलं, तुझे गुडघे...

चढायचंय कुणाला?
बाबा तिथं मजुरीला होते.
देऊळ उतरवायचे, दगड दगड,
प्रत्येकावर रंगानं आकडा घालायचे.
त्यांच्या साताला शेपूट असायचं,
मांजर निजल्यासारखं वळलेलं.
मग लढाई आली. वह्या गेल्या.
बाबा गेले.

पेज निवली.

झाडांखाली अजून दगड पडलेत,
रोज त्यांच्याशेजारी गाडी लावतो मी,
सावली बघून.

एका दिवसात होणार नाही, आई.

उद्या नुसती पश्चिमेची बाजू, ती म्हणाली.
आणि पिशवीत घातलं
एक मऊ फडकं.