घ्यावा का, विचारतात

आडुमच्या चढावर माझं दुकान. काचेच्या काउंटरखाली
ओळीने निजलेले टॅब्लेट,
हॅम्बुर्गहून, टोरांटोहून कुमासीला आलेले, वापरलेले,
पाठीला कुणाच्या तरी पोराचं स्टिकर अजून चिकटलेलं.
रोज कुणीतरी विचारतं: घ्यावा का? पैसे वसूल होतील?
विकणाऱ्याला हे विचारू नये.
तरी विचारतात, आणि मी
फडकं हातात घेऊन पुसलेलीच काच पुसत राहतो.

मागच्या वर्षी सेरवा आली.
सुआमेत तिचा बाप पाट्या रंगवतो:
न्हाव्याच्या पाटीवर सहा डोकी, सहा तऱ्हांचे केस;
ट्रोट्रोच्या मागच्या काचेवर देवाचं नाव,
अक्षराला सावली अशी
की वाटावं, चिमटीत धरून उचलता येईल.
तिला मोठा हवा होता, पेन्सिलवाला.
कोपऱ्यात तडा असलेला एक होता, म्हणून परवडला.
दहा हप्ते. मी वहीत लिहून घेतलं.
तिने अंगठ्याने तो तडा चाचपला,
बाजारात याम दाबून बघतात तसा.

पहिला महिनाभर तिने काही काढलंच नाही.
म्हणाली, काच निसरडी आहे,
शिजलेल्या भेंडीतून बोट फिरवावं तशी रेघ जाते.
कागद कसा, थोडा अडतो.
आईने मात्र दुसऱ्याच दिवशी त्याला कामाला जुंपलं:
चर्चची गाणी, मोठ्या अक्षरांत;
ब्रेमेनमधला मुलगा, ज्याचं नेहमी कपाळ आणि छतच दिसतं;
उधारीवर फुफू खाऊन गेलेल्यांची यादी.
वीज गेली की त्याच उजेडात मासे तळायची.
काचेवर तेलाचे शिंतोडे. सेरवा चिडायची.
मला विचाराल तर
निम्मे पैसे तिथेच वसूल झाले होते.

मग तिला मयताच्या पोस्टरांची कामं मिळू लागली.
आमच्याकडे माणूस गेला की भिंतीवर लागतो:
फोटो, वय, मागे कोण कोण राहिलं.
एका रात्रीत तीन पोस्टरं,
मागचं आकाश जांभळं नको तर सोनेरी.
बाप दारात उभा राहून बघायचा.
एकदा तिची रेघ चुकली,
तिने दोन बोटांनी टिचकी मारली, रेघ गेली.
"गेली कुठे?"
"कुठे नाही. नव्हतीच असं समजायचं."
त्याला ते पटलं नाही.
त्याच्या चुका पाटीवरच असतात, वरून रंगाचा हात दिलेला;
चार उन्हाळ्यांनी पापुद्रा सुटला
की खालून डोकं वर काढतात.

जूनमध्ये अंत्वी गेला. वेल्डर, बापाचा लहानपणापासूनचा सोबती.
फोटो एकच, फोनवर काढलेला, पुसट,
डाव्या भुवईच्या जागी नुसता धूर.
सेरवाने वाढवून पाहिला, चौकोनांवर चौकोन.
बापाने स्टूल ओढलं.
बोटांना निळं एनॅमल होतं,
टर्पेंटाइनने पुसलं, पँटला घासलं,
पेन्सिल ब्रशसारखी पार मागे धरली
आणि श्वास रोखून
ठिणगीने पडलेली ती भुवईतली खाच
एका झटक्यात काढली.
काच निसरडी आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

जरा तिरकी आली.
सेरवाची दोन बोटं वर उचलली गेली,
आणि तशीच राहिली.

पोस्टर सुआमेच्या नाक्यावर आहे अजून, एक कोपरा सुटलाय.
बाप पुन्हा पाट्यांकडे वळला. म्हणतो, या काचेला वास नाही.
सेरवाचे तीन हप्ते बाकी आहेत, दोन थकलेत.
काल ती नव्या टोकासाठी आली होती,
पेन्सिलीचं टोक झिजवलंय पोरीने.

आज सकाळी एक शिक्षिका आली, चष्मा कपाळावर,
किमतींची चिठ्ठी हातात.
घ्यावा का?
मी फडकं खाली ठेवलं.
विचारलं, घरी कोण कोण असतं?