स्थिती : साधारण

आधी म्यान.
म्यान खोटं बोलत नाही, फार तर गप्प राहतं.
हिरवट राखाडी रंग, टोकाशी एक पोचा,
पट्ट्याचं चामडं नंतर कुणीतरी शिवलेलं,
जाड दोरा, चांभारी गाठ.
कानाशी धरून हलवतो. आतला खंजीर खुळखुळत नाही.
‘म्यान : मूळ,’ मी लिहितो.

समोर ओतिलिया म्लेकुझ, कोट न काढता बसलेली.
सव्वासातच्या बसनं टोल्मिनला उतरली.
खंजीर भांडी पुसायच्या फडक्यात, फडकं टोपलीत,
वरून चार अंडी.
अंडी माझ्यासाठी.

मूठ अक्रोडाची.
तीन खिळ्यांपैकी मधला तांब्याचा, घरी ठोकलेला.
‘वडलांनी,’ ती म्हणते,
‘डुक्कर कापताना निघाला होता.’
दर नोव्हेंबरात एक डुक्कर,
एरवी बीट, दोऱ्या, एकदा वासराची नाळ.
आजोबांना तो वरच्या खिंडीत मिळाला, बर्फ वितळताना.
कुठल्या सैन्यातल्या माणसाजवळ?
‘मेलेल्या,’ ती म्हणते.

मी ‘मूठ : दुरुस्त’ लिहितो
आणि खंजीर उपसतो.

खोलीत उजेड पडतो.

खिडकीतली नदी, माझं नाक, दिव्याची तार,
सगळं त्या पात्यात
जसंच्या तसं.

‘काल रात्री बसले,’ ती सांगते,
‘आधी राख, मग व्हिनेगर,
तेवढ्यानं जाईना, मग भाच्याचा काचकागद.
अडीच वाजले.
परक्याच्या दारात मळकं कसं न्यायचं?’
तिच्या अंगठ्याचं नख काळं पडलंय,
बोटांच्या पेरांवर लाल ओरखडे.
ती हात टोपलीखाली घेते.

गेल्या महिन्यात भाच्यानं फोटो पाठवला होता.
त्यात पात्यावर साय धरली होती,
तपकिरी, दाट, शंभर वर्षं जराही न ढवळलेली.
शिक्क्यातल्या गरुडाला दोन्ही डोकी होती.
भिंगाखाली आता एकच आहे,
तेही चोचीपर्यंत.
फोटो बघून मी मनात चारशे धरले होते.
फोनवर म्हणालो, आणा, बघू.
हात लावू नका,
हे तीन शब्द राहिले.

आता पातं आडवं धरून बघायचं नुसतं.
उभे ओरखडे, आडवे ओरखडे,
मध्येच गोल गोल, तिथे हात दमला असेल.
टोकाकडे धार आत गेलेली,
ते मात्र जुनं झिजणं, डुकरांचं.
मूठ आणि पात्याच्या सांध्यात, जिथे कागद पोचला नाही,
तिथे काळी रेघ उरली आहे,
नखाखाली मळ उरतो तेवढी.
मी भिंग तिथेच धरून ठेवतो
गरजेपेक्षा जास्त वेळ.

‘चांगलाय?’

या धंद्यात एकतीस वर्षं झाली.
मुलींच्या लग्नांसाठी तलवारी विकणारे पाहिले,
बापाचं नाव कानशीनं खोडून आणणारे पाहिले,
नकली गंज चढवणारे तर दर आठवड्याला.
खरा गंज असा रात्र जागून
कुणी काढून आणला नव्हता.

‘स्वच्छ आहे,’ मी म्हणतो.

ती पाठ टेकते, पहिल्यांदाच.
कोटाचं वरचं बटण सोडते.

‘पातं’ हा रकाना मी कोराच ठेवतो.
बाजारात याचे नव्वद येतील,
तेही गिऱ्हाईक आंधळं असेल तर.
मी दीडशे मोजतो, तिच्याकडे न बघता,
नोटा एकेक करून, जणू हाच भाव आहे.

ती पुन्हा मोजते. ओठ हलतात.
‘भाच्याला म्हटलं होतं, शंभर आले तरी पुष्कळ.’
नोटा फडक्यात, फडकं टोपलीत.
दारात वळून हसते, दात न दाखवता:
‘म्हणजे घासल्याचं चीज झालं.’

‘हो,’ मी म्हणतो.

बस साडेअकराची आहे. ती पुलावरून जाताना दिसते,
टोपली कोपराला, चाल तरुण बाईची.
टेबलावर खंजीर, चमकत.
बाजूला अंडी.
एकाला अजून पीस चिकटलंय, थोडी विष्ठाही.

ते मी पुसत नाही.