एक पट्टा, दोन कुत्री

रात्रपाळी सुटली तेव्हा अंगाला अजून
लोट्याच्या कारखान्याचा वास होता,
सडक्या लसणासारखा, साबणाला न जुमानणारा.
शिगवण म्हणाला, डोंगरावर एक रात्र काढली की जातो.
त्यानं मेव्हण्याचा तंबू आणला होता, एक काठी कमी असलेला,
आणि तांबूला, जिच्या तोंडावर आता
तांबडं कमी, राख जास्त.
माझ्याबरोबर गेटपास.
गेटवरच जन्मला, वॉचमनच्या डब्यावर वाढला,
आत त्याला कधी सोडलं नाही कुणी,
म्हणून हे नाव.

पौषातलं ऊन. सड्यावरचं गवत वाळून कुरकुरीत.
करवंदीच्या जाळीशी गेटपासनं पहिल्यांदाच
अशी माती हुंगली जिच्यात तेल नव्हतं.
शिंकला. पुन्हा हुंगली.
तांबू दर वळणाला बसायची
आणि आम्हीही, तिच्यासाठी म्हणून.

धनगरवाड्यावर शेवटचं घर ढेब्यांचं.
बाई ताक घेऊन ओट्यावर आली,
आधी कुत्र्यांकडे बघितलं, मग आमच्याकडे.
"वाघराला जेवान आनलाव?"
आम्ही हसलो. ती नाही.
आत जाऊन तिनं एक पट्टा आणला,
चामड्यात ठोकलेले खिळे, टोकं बाहेर,
कुत्र्याच्या नरड्याला बांधायचा.
"ज्याचा होता तो कुठाय?"
तिनं हनुवटीनं रान दाखवलं
आणि रिकामा तांब्या आत नेला.

वर पोचलो तेव्हा पश्चिमेला एक करडी रेघ होती.
शिगवण म्हणाला, समुद्र. मी म्हणालो, धूळ.
वाद मिटायच्या आत अंधार पडला.
खाली जगबुडीची वळणं बुडाली
आणि लोट्याचे दिवे लागले.
इतके देखणे, की आम्ही दोघंही
थोडा वेळ दुसरीकडे बघत बसलो.

सुक्या बांगड्याचा तुकडा विस्तवावर टाकला,
भाकरी चौघांत वाटली.
मग पट्टा मध्ये ठेवून बसलो.
म्हातारीला पळता येत नाही, मी म्हणालो, तिला बांध.
तुझं बावळट आहे, तो म्हणाला,
ते पळेल, पण त्याच्याच दिशेनं.
बोलता बोलता त्याला खोकला आला,
तो दोन वर्षं येतोय तसा,
बी-प्लांटला व्हॉल्व्ह फुटला त्या रात्रीपासून.
तेव्हाही मास्क एकच होता.
खोकला थांबेपर्यंत मी लाकडं सारखी केली.
त्यानं पट्टा उचलून गेटपासला बांधला.
मी काही बोललो नाही.
तेव्हाही बोललो नव्हतो.

तीनच्या सुमाराला कुत्री गप्प झाली.
झोपेतलं गप्प नव्हे.
तांबूचं धापणं थांबलं, शेपूट थांबली,
गेटपास माझ्या काखेत डोकं खुपसत खुपसत
जितका आत शिरता येईल तितका शिरला,
खिळ्यांसकट.
बाहेर गवत एकदा कुरकुरलं.
मग बराच वेळ नाही.
मग खाली दरीत भेकर ओरडलं,
एकदा, दोनदा, दर वेळी जरा लांबून.
शिगवणनं अंधारातच विचारलं, "लागतंय?"
"थोडं," मी म्हणालो.
रक्त येत होतं.

सकाळी तंबूला सात भोकं,
त्यांतून उन्हाच्या सात काड्या.
तांबूनं आळस दिला आणि रात्रीच्या त्या गवतावर
सावकाश, नेम धरून, मुतली.
तिच्या परीनं प्रकरण मिटलं.

ढेबेबाईनं पट्टा हातात घेऊन खिळे मोजले.
एक कमी निघाला. मी दंड दाखवला.
तिनं बघितलं, हळद लावली,
आणि पट्टा पुन्हा खुंटीला लावला,
नवं पिल्लू आहे म्हणाली, मोठं होतंय.

खेडला उतरताना टेम्पोच्या मागं
दोन कुत्री एकमेकांवर डोकी टाकून झोपलेली.
शिगवणनं शर्टाची कॉलर नाकाशी नेली,
मग माझ्याकडे धरली. "गेला का रे?"
धूर होता, बांगडा होता, ओलं कुत्रं होतं,
आणि सगळ्याच्या तळाशी
तो होताच.
"गेला," मी म्हणालो.